विमानाचा एक पंख पडतो तेव्हा



संतवाङ्मय, राज्यघटना, इतिहास, आरोग्य अशा विषयांवरची व्याख्याने ऐकायला आपण वर्षानुवर्षे येथे येत आहात. त्या पंक्तीत विमानाच्या पंखाचे पान वाढलेले पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पंख पडतो म्हणजे तो तुटून पडतो असे नव्हे, एवढे प्रथमच सांगून टाकतो. पंख जागच्या जागी शाबूत असतो. फक्त विमान जमीन सोडण्याच्या सुमारास, वेग पुरता आलेला नसताना, दोहोंपैकी एक पंख एकाएकी खाली झुकतो. वैमानिक याला 'विंग ड्रॉप' म्हणतात. सारा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. परंतु त्या दोन-तीन सेकंदांत वैमानिकाच्या हाताने काय करावे आणि काय करू नये, या प्रश्नाच्या पोटात विमानविद्येचा शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. आणि काही विपरीत घडले तर दोष कोणाच्या पदरात घालावा, हाही एक प्रश्न त्यात दडलेला आहे. खरे म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नासाठीच आम्ही हा विषय घेतला.

आम्ही वैमानिक नव्हे. विमान-अपघातांचे चौकशी-अहवाल वाचण्याचा आम्हांला पुष्कळ वर्षांचा नाद आहे, एवढाच आमचा अधिकार. नाद जरा विचित्र खराच. घरची माणसे प्रवासाला निघाली की त्या दिवशी आम्हांला बोलू देत नाहीत.

प्रथम पंख कशाने उचलला जातो ते पाहू. एस. टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी पाटी असते आणि लहानपणी तो प्रत्येकाने काढलेला असतो. पंजा जमिनीला समांतर धरला की वारा वरून-खालून सरळ निघून जातो. पंजाची पुढची कड किंचित उचलली की हात आपोआप वर जाऊ लागतो. आणखी उचलावी, हात आणखी वर. पण असे उचलता उचलता एक वेळ अशी येते की हात वर जायचा थांबतो आणि नुसता मागे फेकला जातो. विमानाच्या पंखाचे हेच आहे. पंख समोरून येणाऱ्या वाऱ्याला ज्या कोनात सामोरा जातो त्याला आपण आज सोयीसाठी 'वाऱ्याचा कोन' म्हणू. कोन वाढवावा तशी उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. साध्या पंखाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे 15-16 अंशांची असते. तेथवर पंखाच्या पाठीवरून वारा चिकटून वाहतो. तिच्यापुढे तो पाठ सोडून देतो, मागे भोवरे उठतात, उचल कोसळते आणि ओढ वाढते. याचे नाव स्टॉल. मोटार स्टॉल झाली म्हणजे एंजिन बंद पडले असे आपण म्हणतो, त्याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही. एंजिन पुऱ्या ताकदीने गर्जत असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो, आणि उड्डाणाच्या वेळी होतो तो बहुधा असाच.

वेगाचा प्रश्न येथे येतो. वजन तेवढेच असताना वेग कमी असेल तर तेवढीच उचल मिळवण्यासाठी कोन मोठा ठेवावा लागतो. वेग जितका कमी तितके आपण कड्याच्या काठाजवळ. विमान जमीन सोडते तेव्हा त्याचा वेग साऱ्या प्रवासातला जवळजवळ सर्वांत कमी असतो, वजन सर्वांत जास्त असते कारण टाक्या भरलेल्या असतात, आणि खाली मोकळी हवा जवळजवळ नसतेच. तीन हजार मीटरवर पंख पडला तर वैमानिकापाशी वेळ असतो. पंधरा मीटरवर नसतो.

आता दोन्ही पंख सारखे असताना एकच का पडावा? कारण ते तंतोतंत सारखे कधीच नसतात. एकावर पोचा आलेला असेल, एकावर वाऱ्याचा झोत आला असेल, विमानाचे नाक केसभर डावीकडे वळत असेल आणि त्यामुळे डावा पंख उजव्यापेक्षा किंचित मंद चालत असेल. काठाजवळ एवढा फरक पुरतो. जोडीतला एक बैल मट्कन खाली बसला म्हणजे दुसरा कितीही ओढो, गाडी बसलेल्या बैलाच्या बाजूलाच फिरते. स्टॉल झालेल्या पंखाची उचल गेली म्हणून तो खाली जातो. त्याची ओढ वाढली म्हणून नाकही त्याच बाजूला वळते. नाक वळले म्हणून तो पंख अधिकच मंद होतो. एकात एक अडकलेली ही साखळी तोडली नाही तर विमान गिरकी घेऊ लागते. एका पंख्याच्या लहान विमानात यात आणखी भर पडते. फ्लाइंग क्लबांतल्या बहुतेक अमेरिकी एंजिनांचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, त्यामुळे पुऱ्या ताकदीवर, नाक वर असताना, विमान डावीकडे वळू पाहते. म्हणून उड्डाणाच्या वेळी उजवा पाय सुकाणूवर दाबून ठेवण्याची शिकवण असते. पाय विसरला की डावा पंख पडण्याची तयारी झाली.

येथवर हवेचा विषय झाला. आता हाताचा.

पंखांच्या टोकांशी मागच्या कडेला दोन झडपा असतात, त्यांना एलेरॉन म्हणतात. डावा पंख उचलायचा असेल तर वैमानिक दांडी उजवीकडे करतो. डावी झडप खाली येते, उजवी वर जाते, डावीकडची उचल वाढते आणि विमान सरळ होते. पहिल्या दिवसापासून हेच गिरवलेले असते, ते हाडीमासी खिळते. आता डावा पंख स्टॉल होऊन पडला आहे अशी कल्पना करा. हात विचारायला थांबत नाही, दांडी उजवीकडे जाते, डावी झडप खाली येते. पण झडप खाली आणणे म्हणजे पंखाच्या त्या भागाचा वाऱ्याचा कोन वाढवणे. तो तर आधीच मर्यादेपलीकडे गेलेला. औषध म्हणून जे दिले ते नेमके दुखण्याचेच कारण. पंख आणखी बुडतो, त्या बाजूची ओढ वाढते, नाक आणखी वळते. घाबरलेला माणूस त्याच वेळी आणखी एक गोष्ट करतो: जमीन वर येताना दिसते म्हणून दांडी पोटाशी ओढतो. म्हणजे दोन्ही पंखांचा कोन वाढवतो.

उपाय सांगायला सोपा आहे. दांडी पुढे. नाक खाली करावे, वाऱ्याचा कोन मर्यादेच्या आत आणावा. पायाने सुकाणू देऊन नाकाचे वळणे थांबवावे. आणि वारा पंखाला पुन्हा चिकटला की मग एलेरॉनने पंख सरळ करावेत. हा क्रम महत्त्वाचा. जुन्या पिढीतले काही शिक्षक पडलेला पंख सुकाणूने उचलण्यावर भर देत. आज सांगतात की आधी कोन कमी करा, सुकाणू फक्त वळण थांबवण्यापुरता द्या. आजच्या पुष्कळ विमानांचे पंख टोकांकडे किंचित पिळलेले असतात, म्हणजे मुळाशी स्टॉल आधी व्हावा आणि टोकांच्या झडपा थोडा वेळ तरी हाती राहाव्यात. पण त्या सोयीवर विसंबून क्रम उलटा करू नये असेच शिकवतात.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे, कारण पुस्तकांत ती एका ओळीत उरकलेली असते. पंख नुसत्या वाऱ्याच्या झोतानेही पडतो. वेग पुरेसा आहे, स्टॉलचा प्रश्नच नाही, बाजूने झोत आला आणि एक पंख खाली गेला. अशा वेळी एलेरॉन देणे हेच बरोबर, आणि जमिनीजवळ तर ते चटकन दिलेच पाहिजेत. दोन्हींचे बाह्य लक्षण एकच. ताप हिवतापाचा आहे की विषमाचा हे नुसते कपाळाला हात लावून कळत नाही, तसेच हे. वैद्याला रक्त तपासायला सवड असते; येथे ती सवड अर्ध्या सेकंदाची. म्हणून चांगला वैमानिक पंखाकडे पाहण्याआधी मनात दोन प्रश्नांचे उत्तर तयार ठेवतो: वेग किती आहे आणि नाक कोठे आहे. ही उत्तरे जवळ असतील तर रोग कोणता ते आधीच ठरलेले असते.

हे ज्ञान फार महागात पडले आहे. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल याने टेकड्यांवरून घिरट्या घेत दोन हजारांच्या आसपास उड्डाणे केली. 9 ऑगस्ट 1896 रोजी त्याचे ग्लायडर हवेत थबकले, स्टॉल झाले आणि सुमारे 15 मीटरवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी तो गेला. राइट बंधूंनी त्याचे लेखन अभ्यासले होते. 1902 साली किटी हॉकच्या वाळूवर त्यांच्याही ग्लायडरचा खालचा पंख अधूनमधून वर यायचे नाकारी. पंखाला पीळ देऊन तो उचलू पाहावे तो विमान त्याच बाजूला घसरे, मागचे न हलणारे उभे शेपूट ते आणखी वळवी, आणि पंखाचे टोक वाळूत घुसून खड्डा पाडी. या प्रकाराला ते आपसांत 'विहीर खणणे' म्हणत. शेपूट हलते केले पाहिजे हे ऑर्व्हिलला सुचले. ते पंखाच्या पिळाशी जोडावे हे विल्बरला. 17 डिसेंबर 1903 च्या बारा सेकंदांच्या उड्डाणाचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते. आमच्या मते त्या भावांचे खरे मोठेपण आदल्या वर्षीच्या या विहिरी बुजवण्यात आहे.

त्यानंतर दहा वर्षांनी, 25 ऑगस्ट 1912 रोजी, इंग्लंडात सॉल्झबरीच्या पठारावर विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलातला लेफ्टनंट अ‍ॅव्हरो कंपनीच्या विमानातून वळसे घेत खाली येत असता विमान गिरकीत सापडले. त्या काळी गिरकी म्हणजे मरण असाच समज होता. त्याने दांडी ओढली, एंजिनाची ताकद वाढवली, वळणाच्या बाजूला सुकाणू दिला, सगळे व्यर्थ. शेवटी, आता गेलोच असे वाटत असता, सुकाणू उलट बाजूला पुरता दाबला आणि जमिनीपासून अवघ्या पन्नास फुटांवर विमान सावरले. खाली उतरल्यावर त्याने काय काय केले ते क्रमवार सांगितले, ते लिहून घेतले गेले, आणि वैमानिकांत 'पार्कची बुडी' म्हणून ते गाजले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या एका विमानात तो मरण पावला. त्याने काय केले ते जगाला कळले, पण तसे का घडले याचा रीतसर अभ्यास व्हायला पहिले महायुद्ध उजाडावे लागले. त्याच युद्धात गुस्ताव लाखमन नावाचा एक जर्मन तरुण 1917 साली स्टॉल होऊन पडला आणि रुग्णालयात पडल्या पडल्या विचार करू लागला की पंखाच्या पुढच्या कडेला फट ठेवून तीतून वारा पाठीवर सोडला तर? इंग्लंडात हँडली पेज स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचला होता. आज आपण खिडकीतून पाहतो तेव्हा उड्डाणापूर्वी मोठ्या विमानाच्या पंखाची पुढची कड पुढे सरकून खाली झुकते, ती याच विचाराची नात म्हणावी.

आता आमच्या मूळ गोष्टीकडे येतो.

2 मे 1952 रोजी जगातली पहिली जेट प्रवासी विमानसेवा लंडन ते जोहान्सबर्ग सुरू झाली. विमान डी हॅव्हिलँड कंपनीचे कॉमेट. त्याच वर्षी ऑगस्टपासून लंडन-कोलंबो मार्गावरची कॉमेट कराचीवरून मुंबईसही येऊ लागली. कॉमेट म्हटले की लोकांना 1954 साली हवेत फुटलेली दोन विमाने आठवतात. पण त्याआधी याच विमानाचे दोन अपघात झाले, ते फारसे कोणाला माहीत नसतात.

26 ऑक्टोबर 1952 ची रात्र. रोमचा चाम्पीनो विमानतळ. जोहान्सबर्गला निघालेल्या कॉमेटचा कप्तान हॅरी फूट. विमान धावू लागले, 75-80 नॉटला नाक उचलले गेले, 112 नॉटला, म्हणजे ताशी सुमारे 207 किलोमीटरला, चाकांनी जमीन सोडली. त्याच क्षणी डावा पंख जोराने पडला आणि विमान डावीकडे वळले. फूटने ते सावरले. पंख सरळ झाले. पण वेग वाढेना. विमान थरथरू लागले. त्याने दांडी दोनदा पुढे केली, थरथर थांबली नाही. धावपट्टी संपत आली होती. त्याने एंजिने बंद केली. विमान पुन्हा जमिनीला लागून घसरत गेले, मातीच्या ढिगाऱ्याला अडखळून चाके निखळली, इंधन सांडले, आणि हद्दीच्या अलीकडे ते थांबले. आग लागली नाही. एकही माणूस दगावला नाही.

चौकशीचा निष्कर्ष एका वाक्याचा निघाला: कप्तानाने नाक प्रमाणाबाहेर उचलले. म्हणजे दोष वैमानिकाचा. फूटला जेटवरून काढून यॉर्क नावाच्या जुन्या पंख्यांच्या विमानांवर मालवाहतुकीला धाडले.

नाक जास्त उचलले गेले होते यात शंका नाही. पण किती जास्त? अपघातानंतर कारखान्याने चाचण्या घेतल्या. विमान 6 अंशांवर ठेवले की उड्डाण उत्तम. 9 अंशांवर गेले की पंख अर्धवट स्टॉल होतो, ओढ भयंकर वाढते, थरथर सुरू होते, आणि नाक चांगले खाली दाबले तरच विमान त्यातून बाहेर पडते. फरक तीन अंशांचा. आपण घरी जाऊन एक मीटर लांबीची पट्टी घ्या आणि तिचे एक टोक पाच सेंटिमीटर उचला. तीन अंश म्हणजे एवढे. हा फरक एका माणसाने अंधाऱ्या रात्री, पुढे क्षितिज दिसत नसताना, दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावताना ओळखायचा होता. त्यात त्या पिढीचे वैमानिक सगळे पंख्यांच्या विमानांवर वाढलेले. त्या विमानांत पंख्यांचा झोत थेट पंखावरून वाहतो. नाक थोडे जास्त उचलले गेले तरी तो झोत सांभाळून घेतो. कॉमेटची एंजिने पंखाच्या पोटात, झोत मागच्या मागे. शिवाय कॉमेटची दांडी तेलाच्या दाबावर चाले. हवेचा जोर हाताला पूर्वीसारखा जाणवत नसे. हाताला पूर्वीच्या सर्व विमानांनी जे शिकवले होते ते या विमानात खोटे ठरत होते, आणि हात तरी काय करणार?

पंख पडला तेव्हा फूटने काय केले हे आम्ही पुन्हा पुन्हा वाचले आहे. पंख सावरणे, थरथर ओळखणे, दांडी पुढे करणे, आणि धावपट्टी उरत नाही हे पाहून उड्डाण सोडून देणे. त्या शेवटच्या निर्णयाने सगळी माणसे वाचली. हे आमचे मत आहे आणि ते आम्ही कप्तानाच्या बाजूने झुकून देतो हे मान्य आहे.

वैमानिकांना नव्या सूचना गेल्या. आणि सव्वाचार महिन्यांनी, 3 मार्च 1953 रोजी, कराचीला तेच पुन्हा घडले. हेच ते शहर की जेथून 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी टपाल घेऊन मुंबईकडे उड्डाण केले होते. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने घेतलेले नवे कोरे कॉमेट सिडनीला पोचवायचे होते. पहाटेच्या अंधारात, पुऱ्या भाराने, नाक पुन्हा जास्त उचलले गेले. धावपट्टीच्या शेवटाजवळ कप्तानाने नाक खाली घेतले असे दिसते, पण उशीर झाला होता. चाक मोरीच्या बांधाला लागले आणि विमान कोरड्या कालव्यात कोसळून पेटले. अकराही माणसे गेली. जेट प्रवासी विमानाचा हा पहिला प्राणघातक अपघात. याही वेळी दोष मुख्यतः कप्तानाकडेच गेला.

आणि मग काय झाले? कॉमेटच्या पंखाची पुढची कड बदलण्यात आली. नाक जास्त उचलले गेले तरी वारा एकाएकी पाठ सोडणार नाही अशी ती केली. पंखावर उभ्या पट्ट्या बसवल्या. हात जर इतका दोषी होता तर पंख बदलण्याची गरज का पडावी, हा प्रश्न त्या काळच्या वैमानिकांच्या संघटनेने विचारला आणि आम्हांलाही तो पडतो. त्याच विमानकंपनीत पूर्वी कप्तान असलेल्या डेव्हिड बीटी याने 1959 साली 'कोन ऑफ सायलेन्स' ही कादंबरी याच विषयावर लिहिली. पुढच्या वर्षी तिच्यावर चित्रपटही निघाला. चौकशीच्या कागदांत ज्याला जागा मिळाली नाही त्याला कादंबरीत मिळाली.

आपण म्हणाल, ही सारी जुनी हकीकत. आता विमाने शहाणी झाली आहेत. पुष्कळ अंशी खरे. आज मोठ्या विमानात स्टॉल जवळ आला की दांडीच हातात थरथरू लागते, काहींत ती आपण होऊन पुढेही ढकलली जाते. पण पंख अजून पडतात. 4 जानेवारी 2002 च्या दुपारी बर्मिंगहॅमहून चॅलेंजर जातीचे लहान जेट उडाले. रात्रभराच्या थंडीने पंखांवर दहिवर गोठले होते, तसेच. जमीन सोडताक्षणी डावा पंख पडला. वैमानिकाने एलेरॉन आणि सुकाणू पुरते उजवीकडे दिले. उपयोग झाला नाही. पंखाचे टोक जमिनीला लागले आणि पाचही माणसे गेली. तपासकर्त्यांचे म्हणणे असे की जमिनीवर चालू असलेल्या मागच्या लहान एंजिनाच्या गरम धुराने बहुधा उजव्या पंखावरचे दहिवर थोडे वितळले आणि डावा पंख खरखरीतच राहिला. घासकागदाइतका खरखरीतपणा स्टॉलचा कोन काही अंशांनी खाली आणतो. आपल्याकडे ही भीती कमी, पण हिवाळ्यात श्रीनगर-लेहकडून निघायला उशीर झाला आणि पंखांवर फवारा मारताना दिसला, तर घड्याळाकडे पाहून कुरकुर करू नये.

शेवटची हकीकत 2011 ची, आणि ती वाचताना आम्हांला रोमचा अहवालच पुन्हा वाचतो आहोत असे वाटले. गल्फस्ट्रीम कंपनीच्या जी-650 या नव्या जेटच्या चाचण्या चालू होत्या. 2 एप्रिल 2011 रोजी न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे, उजव्या एंजिनाची ताकद मुद्दाम काढून घेऊन उड्डाण करून पाहायचे होते. चाके सुटली, उजवा पंख पडला, टोक धावपट्टीला घासले. विमान बाजूला घसरत गेले, काँक्रीटच्या बांधकामावर आदळले आणि पेटले. दोन वैमानिक आणि दोन अभियंते, चौघेही गेले. हे नवशिके नव्हते. विमान काठावर नेऊन पाहणे हाच त्यांचा व्यवसाय.

येथे जमिनीच्या सान्निध्याचा एक गुण सांगावा लागेल. विमान जमिनीलगत, आपल्या पंखांच्या लांबीहून कमी उंचीवर असते तेव्हा ओढ कमी होते, ते लवकर तरंगते, आणि वैमानिकाला वाटते की आता हे उडणारच. फ्लाइंग क्लबातल्या विद्यार्थ्याला यातला धोका सांगतात: तरंगले म्हणून नाक उचलू नको, जमिनीलगतच वेग वाढू दे, पंख पडू लागला तर नाक आडवे कर आणि पुढे पट्टी असेल तर सरळ खाली बैस. हे झाले एक. दुसरे असे की जमिनीलगत वाऱ्याचा कोन मर्यादेला लवकर पोचतो. मोकळ्या हवेत जो कोन चालतो तो तेथे चालत नाही. रॉसवेलच्या विमानाचा हा जमिनीलगतचा कोन कागदावर जितका मांडला होता त्याहून प्रत्यक्षात कमी निघाला. इशारा देणारी दांडीची थरथरही त्याच चुकीच्या आकड्यावर बसवलेली, म्हणून इशाऱ्याच्या आधीच पंख स्टॉल झाला.

अमेरिकेच्या चौकशी मंडळाने मात्र हातापाशी चौकशी थांबवली नाही. मंडळ मागे मागे गेले. तेव्हा दिसले की उड्डाणासाठी ठरवलेला वेगच गणिताने कमी धरला होता. तो गाठता येईना म्हणून वैमानिक उड्डाणागणिक नाक अधिकाधिक झटक्याने उचलून पाहत होते. आणि आधीच्या दोन चाचण्यांत, एकदा 2010 साली आणि एकदा 2011 साली, हाच पंख असाच पडला होता. दोन्ही वेळा विमान सावरले गेले. त्या दोन पडण्यांचा अर्थ पुरता कोणी लावला नाही. नाक जरा जास्त उचलले गेले, एवढ्यावर भागले. रोममध्ये 1952 साली लिहिलेले वाक्य, एकोणसाठ वर्षांनी. मंडळाने आपल्या निष्कर्षात पहिली जागा दिली ती वेग नीट न ठरवण्याला आणि आधीच्या घटनांचा तपास अपुरा ठेवण्याला.

त्या विमानाची उड्डाण-वेगांची कोष्टके नव्याने मांडली गेली, वेग वाढवण्यात आले, आणि 7 सप्टेंबर 2012 रोजी त्याला परवाना मिळाला. आज ते जगभर उडत आहे.